कलौंजी, ढेकर आणि सिस्टरचा घसा

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे खुर्चीत बसूनच घातला आहे. तू तो नीट घातला असं धरून चाल.) तुझी तब्येत उत्तम असेल अशी आशा करतो. आशेपलीकडे माझ्या हाती काही नाही, कारण स्वतःच्या तब्येतीबद्दल तू एक अक्षर लिहीत नाहीस, आणि भाऊजींच्या तब्येतीबद्दल जे लिहितेस ते वाचून माझी बिघडते. इकडे सगळं ठीक आहे. म्हणजे स्वयंपाकघराचं छत गळतंय, पण मी स्वयंपाकच करत नाही, तेव्हा ठीकच म्हणायचं. आमची मांजर शेजाऱ्यांकडे राहायला गेली. परवा जिन्यात समोरासमोर आलो तर तिने ओळखसुद्धा दाखवली नाही. मीही नाही दाखवली. ही गेल्यापासून घरात बोलायला ती एकटीच होती. तिलाही शेवटी कंटाळा आला असणार, मी तिला दोष देत नाही.

तुझं पत्र मिळालं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा राग आला, दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा भीती वाटली. भाऊजींनी शुगरच्या गोळ्या बंद केल्या. त्याऐवजी रोज सकाळी चमचाभर कलौंजी आणि वर कोमट पाणी. अंगठ्याला चप्पल चावली होती ती जखम अजून भरत नाही, उलट कडेने काळी पडत चालली आहे. डॉक्टर म्हणतात, गोळ्या सुरू करा, नाहीतर अंगठ्यावर पाणी सोडा. आणि यावर तुझं म्हणणं काय, तर मी संस्थेच्या कागदावर, शिक्का मारून, लिहून पाठवावं की कलौंजीने शुगर उतरते हे आमच्याकडे सिद्ध झालं आहे, म्हणजे त्या डॉक्टरचं तोंड एकदाचं बंद होईल! अगं ताई, ज्या माणसाने जन्मभर साखळी घेऊन लोकांच्या जमिनी मोजत पायपीट केली, त्याच्या पायाचा प्रश्न आहे हा. आणि भाऊजी म्हणे येईल-जाईल त्याला सांगतात, माझा मेव्हणा शास्त्रज्ञ आहे, त्याने सिद्ध केलंय, पेपरात फोटो आलाय. तो फोटो त्यांनी कापून गोळ्यांच्या कपाटावर चिकटवला आहे हे वाचून तर मी कपाळावर हात मारून घेतला. मी काय सिद्ध केलंय ते आता सविस्तर सांगतो. भाऊजींना वाचून दाखव. मधे उठू देऊ नकोस.

आमच्या संस्थेबद्दल तुम्हा दोघांच्या डोक्यात काय चित्र आहे देव जाणे. चकचकीत काचा, पांढरे कोट, शिट्टी वाजवणारी यंत्रं! तर तसं काही नाही. औषधी वनस्पतींचा विभाग तळघरात आहे, गाड्या लावतात त्याला लागून. खिडकी आहे, पण ती रस्त्याच्या पातळीला, त्यामुळे दिवसभर फक्त पाय दिसतात. (इतकी वर्षं इथे काढून मला निम्मं गाव घोट्यापर्यंत ओळखीचं झालं आहे. समोरून चेहरा आला की ओळख पटत नाही, लोक मला शिष्ट समजतात.) भिंतींना ओल आहे. दिवा एकच चांगला आहे, तो वजनकाट्यावर. आणि गेलं वर्षभर सगळीकडे कलौंजीचा वास! कोटाला, कागदांना, चहाला, माझ्या उशीला. बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी राहते. पूर्वी तसं माझ्या चेहऱ्यामुळे व्हायचं, आता वासामुळे होतं, एवढीच काय ती प्रगती.

आमच्या साहेबांना आम्ही आपापसात 'अभिनंदन' म्हणतो. माणूस वाईट नाही, पण कुणी काही सांगायला तोंड उघडलं की त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत ते हात हातात घेऊन अभिनंदन करून मोकळे होतात. (ही गेली तेव्हा भेटायला आले, दारात माझा हात हातात घेतला आणि सवयीने तेच म्हणाले. मग त्यांचं त्यांनाच कळलं आणि ते माझ्याआधी रडायला लागले. शेवटी मीच त्यांना पाणी दिलं.) तर या साहेबांच्या मनात आलं की जे बी आपल्या आज्या-पणज्या सर्दीपासून सांधेदुखीपर्यंत सगळ्याला देत आल्या, त्याची एकदा शास्त्रीय परीक्षा झाली पाहिजे, आणि ती शुगरवर झाली पाहिजे, कारण त्यांना स्वतःला शुगर आहे. काम माझ्याकडे आलं. खरं सांगू? मला बरं वाटलं. तू लहानपणी मला सर्दी झाली की फडक्यात कलौंजीची पुरचुंडी बांधून हुंगायला द्यायचीस, आणि ही रोज सकाळी चमचाभर तळहातावर ठेवायची, खाल्ल्याशिवाय समोरून हलायची नाही. म्हटलं, आयुष्यात एकदा तरी आपल्या घरातल्या बायकांचं म्हणणं बरोबर होतं हे कागदावर आणू. तेव्हा माझा या बियांवर राग आहे असं भाऊजींना वाटत असेल तर ते डोक्यातून काढून टाकायला सांग.

सुरुवातच अशी झाली की पुढचं सगळं त्यातच कळायला हवं होतं. पोतं मागवलं, पोतं आलं, मी स्वतः मूठ भरून पाहिलं, काळंभोर बी, छान! साहेबांनी पोत्याचं अभिनंदन केलं. पोतं कोठीत ठेवलं, आणि कोठीत वरून एसीचं पाणी ठिबकतं हे सगळ्यांना माहीत असूनही ते बरोबर त्याच्याखालीच ठेवलं. काही दिवसांनी दार उघडतो तो पोत्याच्या तोंडातून हिरवीगार पात बाहेर आलेली! तोडून हुंगली. कांदा! दुकानदाराने कांद्याचं बी दिलं होतं. दिसायला दोन्ही सारखीच काळी, निम्म्या बाजारात ते एकाच नावाने खपतं, आणि मी, ज्याची अख्खी हयात बिया ओळखण्यात गेली, तो वास न घेता नुसतं बघून सही करून बसलो होतो. (सर्दी झाली होती. कलौंजी हुंगायला हवी होती, पण ती नव्हती, कांद्याचं बी होतं.) ती पात आम्ही सगळ्यांनी जेवणाबरोबर कितीतरी दिवस खाल्ली. संपूर्ण संशोधनातून मानवजातीच्या पोटात निश्चितपणे काही चांगलं गेलं असेल तर ते एवढंच.

मग खरं बी आलं, आणि प्रयोग सुरू झाला. प्रयोग म्हणजे काय हे भाऊजींना नीट कळू दे. शुगर असलेली चाळीसेक माणसं घ्यायची. निम्म्यांना कलौंजीच्या पुडीची कॅप्सूल, निम्म्यांना तशीच दिसणारी कॅप्सूल, पण आत भाजलेला कोंडा. कुणाला खरी आणि कुणाला खोटी हे त्यांनाही माहीत नाही आणि मलाही नाही, एका बंद पाकिटात लिहून तिजोरीत. आणि आता हे वाक्य दोनदा वाच. प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू ठेवायच्या, अगदी रोज, न चुकता, ही पहिली अट. गोळ्या बंद करून कलौंजी खाणारा एकही माणूस आमच्या प्रयोगात नव्हता. असता तर आम्ही त्याला दारातूनच परत पाठवलं असतं. म्हणजे भाऊजी जे करताहेत त्याला आमच्याच काय, कुणाच्याच संस्थेचा पाठिंबा नाही, मग ते कपाटावर माझा फोटो लावोत नाहीतर देवाचा.

दर आठवड्याला ही मंडळी तळघरात यायची, बाकावर ओळीने बसायची, आणि सिस्टर एकेकाचं बोट टोचून यंत्रावर आकडा बघायची. (यंत्र नवीन होतं. आल्या आल्या मी ते माझ्याच बोटावर करून पाहिलं, तर आकडा इतका भलताच आला की मी ते कंपनीकडे दुरुस्तीला पाठवलं. दुसरं मागवलं, तेही बिघडलेलं निघालं, तेही परत पाठवलं. तिसरं आलं ते माझ्या बोटावर न करताच सिस्टरला देऊन टाकलं. नशीबच आमचं तसं.) सिस्टरबद्दल सांगायलाच हवं. अंगकाठी म्हणशील तर वाऱ्याने उडून जाईल अशी, पण आवाज असा की वरच्या मजल्यावरचे लोकसुद्धा ताठ बसतात. तिला मी जास्तीचं एक काम दिलं होतं, की रोज सकाळी प्रत्येकाला फोन करायचा आणि विचारायचं, गोळी घेतली का, कॅप्सूल घेतली का. ती फोनवरच म्हणायची, दाखवा बघू! आणि पलीकडचा माणूस, ताई, खरोखर हात पुढे करून दाखवायचा, असं मला त्यांच्या घरच्यांनी सांगितलं.

पहिल्या काही आठवड्यांतच आमचं गुपित फुटलं, आणि ते ढेकरांनी फोडलं. कलौंजी पोटात गेली की तिचा ढेकर येतो. साधासुधा नाही, मिरी आणि रॉकेल एकत्र केल्यासारखा. कोंड्याचा कुठला यायला! इतक्या विद्वानांनी मिळून आखलेल्या प्रयोगात हा मुद्दा कुणाच्या लक्षात आला नव्हता. बाकावर बसल्या बसल्या लोकांनी आपोआप दोन गट पाडले, ढेकरवाले आणि बिनढेकरवाले. ढेकरवाले ऐटीत बसायचे. बिनढेकरवाले खिन्न. एक आजोबा तर नुसता आवाज काढून दाखवायचे, पण वास येत नाही म्हणून त्यांना कुणी ढेकरवाल्यांत घेईना. ते माझ्याकडे येऊन, माझ्यात काय कमी आहे, असं विचारत डोळ्यांत पाणी आणून उभे राहिले. मी त्यांच्या पाठीवर थोपटलं. थोपटल्यावर त्यांना खराच ढेकर आला, पण तो चहाचा होता.

त्या मंडळींत एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, त्यांना सगळे हेडबाई म्हणायचे. त्या ढेकरवाल्या होत्या. त्यांना हा अन्याय सहन होईना. जन्मभर वर्गात वाटून खा, वाटून खा सांगितलेली बाई! एक दिवस मी बाहेर येतो तर बाकावर स्टीलचा मोठा डबा उघडा, सगळ्यांच्या कॅप्सूलच्या बाटल्या त्यात रिकाम्या केलेल्या, हेडबाई हाताने छान कालवताहेत आणि मूठमूठ परत सगळ्यांच्या बाटल्यांत भरताहेत. चाळीसेक माणसं शहाण्यासारखी रांगेत. माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी म्हटलं, बाई, हे काय केलंत, सगळा प्रयोग मातीत गेला! त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तुम्ही निम्म्या लोकांना औषध देता आणि निम्म्यांना कोंडा, आणि वर मला विचारता हे काय केलंत?" त्यांनी माझ्या हातात डब्याचं झाकण दिलं आणि बाजूला उभं राहायला सांगितलं. मी राहिलो. पुढच्या आठवड्यापासून सगळेच ढेकर द्यायला लागले. ते आजोबा इतके खूश झाले की येताना सिस्टरला फुलं घेऊन आले.

आता तुला वाटेल, मी तिथेच प्रयोग थांबवायला हवा होता. गेलो होतो ना साहेबांकडे थांबवायला! पण मी तोंड उघडायच्या आत त्यांनी आकडे पाहिले. शुगर उतरली होती. ढेकरवाल्यांची उतरली होती, बिनढेकरवाल्यांचीही उतरली होती, डबा कालवायच्या आधी आणि नंतर, सगळ्यांचीच सारखी! खरी आणि खोटी यात फरक नाही म्हणजे बियाने काही केल्याचं दिसत नाही, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळतं. साहेबांना दिसलं ते एवढंच की चाळीस जणांची उतरली. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. दुसऱ्या दिवशी दारावर 'कलौंजीने शुगर उतरते' असा फलक लागला, पेपरवाला आला, आणि माझ्या हातात कलौंजीची वाटी देऊन त्याने फोटो काढला. तोच हा फोटो. त्यात मी हसतोय असं भाऊजी म्हणतात. हसत नाहीये. त्याच क्षणी मला ढेकर येत होता आणि मी तो दाबत होतो.

मग सिस्टरचा घसा बसला. तो काय साधा बसला! आवाजच गेला, नुसते ओठ हलायचे. डॉक्टरांनी तिला एक शब्द बोलायची बंदी केली. बाकावरच्या झाडून सगळ्यांनी तिला कलौंजी मधातून घ्यायला सांगितली, तिने ती घेतली, घसा काही सुटला नाही. आठवड्याला येऊन ती बोटं टोचायची, पण सकाळचे फोन बंद पडले. ते काम मी करावं असं ठरलं. मी एकदा केलेही फोन, पण माझा आवाज ऐकून दोघांनी घाबरून विचारलं, कोण गेलं? तेव्हा मी ते सोडून दिलं. कॅप्सूल चालूच होत्या, डबा दर आठवड्याला कालवला जात होता, ढेकर जोरात. आणि शुगर चढायला लागली. एकाची नाही, सगळ्यांची. ढेकर तेवढेच आणि आकडे वर! साहेब फलकाकडे बघेनात. मी रोज सकाळी उठून छताकडे बघत बसायचो आणि विचार करायचो, बी तेच, डबा तोच, माणसं तीच, मग बदललं काय? आणि एकदा दात घासता घासता लक्षात आलं. बदलला होता फक्त सिस्टरचा घसा.

मी हेडबाईंना बाजूला घेऊन सरळ विचारलं. त्यांनीही आढेवेढे घेतले नाहीत. म्हणाल्या, पूर्वी डॉक्टरांच्या गोळ्या आम्ही आठवल्या तर घ्यायचो. एकदा घेतली, दोनदा राहिली, कोण विचारतंय? मुलं आपल्या व्यापात, घरात बोलायला माणूस नाही. सिस्टरचा फोन यायला लागला तशा रोज घ्यायला लागलो, तिला खोटं कसं सांगणार? फोन थांबला, परत राहायला लागल्या. मी विचारलं, आणि कॅप्सूल? तर म्हणाल्या, त्या नाही चुकवल्या, त्या सगळ्यांनी मिळून वाटून घेतलेल्या. मी तिथे बाकावर त्यांच्या शेजारी बसलो. एवढी मोठी माणसं, ताई, कुणी दुकान चालवलं, कुणी शाळा चालवली, आणि यांची शुगर वाढायची ती रोज सकाळी कुणी 'घेतलीत का' असं विचारत नाही म्हणून! मला फार वाईट वाटलं. मी त्यांना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, वाईट काय वाटून घेता, चहा मागवा. मी मागवला.

सिस्टरचा घसा पुढे सुटला, फोन सुरू झाले, आकडे परत उतरले. तर भाऊजींच्या त्या सुप्रसिद्ध मेव्हण्याचं संशोधन हे असं आहे. कलौंजीत गुण आहे की नाही? मला माहीत नाही. आमचा प्रयोग डब्यात गेला, त्यातून आहे असंही निघत नाही आणि नाही असंही निघत नाही. पुढे कुणी माझ्यापेक्षा हुशार माणूस ढेकर न येणारी कॅप्सूल काढून ते ठरवील. पण एक गोष्ट मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. गोळी पोटात गेली की आकडा उतरला आणि चुकली की चढला, मग वरून कलौंजी कितीही खा. हे मी साहेबांना सांगितलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदाच अभिनंदन केलं नाही. बराच वेळ खिडकीतून जाणारे पाय बघत बसले. मग हळूच म्हणाले, की त्यांनीही आपल्या गोळ्या अधूनमधून बंद केल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हाताने फलक काढला. तळघर आता दुसऱ्या विभागाला जाणार असं ऐकतो. माझं काय करणार ते अजून कुणी सांगितलेलं नाही. मीही विचारलेलं नाही.

तेव्हा ताई, तू मागतेस तसं शिक्क्याचं पत्र मी देऊ शकत नाही. तू रागावशील, फोनवर अबोला धरशील, धर. मी आता कुणाकुणाला गमवायचं? एक माणूस हातातून गेलं ते बघितलं, भाऊजी आधी अंगठा आणि मग पाऊल असे हप्त्याहप्त्याने जाताना मला बघायचे नाहीत. त्यांच्यावर माझा जीव आहे, हे त्यांना वाचून दाखवताना गाळलंस तरी चालेल. तुला नमस्कार, त्यांना नमस्कार, त्यांच्या अंगठ्याला विशेष. जास्त काय लिहू, शाई आहे पण उमेद नाही.

तुझा धाकटा भाऊ
एरंड्या

ता. क. वरचं सगळं लिहून झाल्यावर मी रात्रभर विचार केला. भाऊजी हे ऐकून हसतील आणि त्यातले ढेकर तेवढे लक्षात ठेवतील, हे मी ओळखून आहे. डॉक्टरांच्या हातची गोळी ते घेणार नाहीत, तुझ्या हातून मात्र काहीही मुकाट्याने खातात. म्हणून सोबत संस्थेच्या कागदावर, शिक्का मारून, पत्र जोडलं आहेच. त्यात एवढंच लिहिलंय की कलौंजी रोज सकाळी डॉक्टरांच्या गोळीबरोबरच घ्यावी, दोन्ही पत्नीने आपल्या हाताने तळहातावर ठेवाव्यात आणि गिळल्याशिवाय समोरून हलू नये, अन्यथा गुण येत नाही. हे शास्त्रीय नाही. पण यात खोटं काय आहे ते तूच दाखव. फोटोच्या जागी हे चिकटव, आणि जखम आजच डॉक्टरांना दाखव.

आणखी ता. क. ती बोट टोचायची दोन्ही यंत्रं कंपनीने परत पाठवली. ठणठणीत आहेत म्हणे, काही बिघाड नाही. माझ्या बोटावर अजून तोच आकडा दाखवतात. डॉक्टरांनी मला गोळ्या लिहून दिल्यात, उशाशीच असतात. पण काय होतं, सकाळी उठतो, हिच्या डब्यातली चमचाभर कलौंजी काढतो, आणि मग हात तसाच पुढे करून स्वयंपाकघरात उभा राहतो. गोळी राहून जाते. सिस्टरला सांगितलं तर ती करील फोन, पण ती माझ्या हाताखाली काम करते, मला तिची भीती वाटत नाही. तुझी वाटते. तेव्हा भाऊजींच्या हातावर गोळी ठेवलीस की लगेच मला एक फोन करत जाशील का? जास्त बोलायला नको. नुसतं 'एरंड्या, घेतलीस का?' एवढं विचार आणि ठेवून दे. याचं उत्तर पत्राने पाठवू नकोस.